सदतीस घोड्यांचा संसार

गाडी चालवताना माणूस ब्रेक लावतो, यात तुम्हाआम्हाला काही वावगं वाटत नाही. ॲपेक्सकाकांना वाटतं. पुढच्या रिक्षावाल्याने विनाकारण ब्रेक दाबला की ते “गेले!” असं कळवळून म्हणतात. शेजारी बसलेला नवखा माणूस दचकतो. त्याला वाटतं, रिक्षाखाली कोणीतरी आलं. गेलेले असतात ताशी 18 किलोमीटर. ते परत मिळवायला काकांच्या गाडीला खांदा कॉलनीपासून कळंबोलीपर्यंतचा रस्ता लागतो, आणि मध्ये सिग्नल असतो.

गाडी मारुती 800. पांढरी, एमएच 06 नंबरची, म्हणजे पनवेलला एमएच 46 मिळायच्या आधीची. मालक जुना पनवेलकर आहे हे नंबरप्लेटच सांगते, असा काकांचा दावा. इंजिन 796 सीसी, सिलिंडर तीन, गिअर चार, चाकं बारा इंची, आणि ताकद 37 हॉर्सपॉवर. तीही इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेईल तेव्हा. एरवी घोडे निम्मेअधिक पागेतच असतात. ही गाडी देशात 14 डिसेंबर 1983 रोजी रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. ती बातमी आली त्या दिवशी काकांनी दाढी केली नव्हती, असं काकू सांगतात. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी पर्यावरण कर भरून, गाडी पासिंगला नेऊन नोंदणी वाढवून घेतली आणि त्या कागदाला लॅमिनेशन केलं. लग्नाच्या दाखल्याला केलेलं नाही. हेही काकूच सांगतात.

अशी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. मनात रेसिंग आणि अंगणात छोटं इंजिन. कुणाकडे प्रीमियर पद्मिनी असते, कुणाकडे जुनी झेन. ही मंडळी ताकदीविषयी बोलत नाहीत, ‘लाईन’विषयी बोलतात. ‘पिकअप’ हा शब्द त्यांच्यासमोर काढला तर ते सहानुभूतीने हसतात. पनवेलला हा नमुना विशेष पिकतो, त्याचं कारण आहे. एक्स्प्रेसवे सुरू होतो तो कळंबोलीहून, गोव्याचा रस्ता फुटतो तो पळस्पे फाट्याला, जुना रस्ता शेडुंग-चौकवरून खोपोलीच्या घाटाला भिडतो, आणि आता अटल सेतूही चिर्ल्याला येऊन उतरला आहे. मुंबईच्या साऱ्या मोठ्या गाड्या पनवेलवरून कुठेतरी जात असतात, आणि पनवेलकर रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांच्याबद्दल मत बनवत असतो. काकांचं मत बनून बरीच वर्षं झाली आहेत. “सरळ रस्त्यावर गाढवही पळतं,” ते म्हणतात. “वळणावर कळतं, हाकणारा कोण आहे ते.”

ॲपेक्सकाका हे नाव सोसायटीने दिलं आणि ते टँकरमुळे पडलं. आमच्या सोसायटीचं फाटक अरुंद, त्यात रस्त्याला काटकोनात. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा तो दर खेपेला डावा खांब खरवडून. सेक्रेटरींनी आधी खांबाला जुना टायर बांधला, मग पिवळाकाळा रंग दिला, मग टँकरच्या मालकाला पत्र लिहिलं. काकांनी एका सकाळी खडूने जमिनीवर फुली मारली आणि ड्रायव्हरला खाली उतरवलं. “तू लवकर वळतोस. घाई करू नको. बाहेरून रुंद ये, सरळ पुढे जा, आणि डावं मागचं चाक या फुलीला लागून जाईल असा वळ. आधी नाही.” टँकर आत आला, खांब जागच्या जागी राहिला. वळणात गाडी आतल्या कडेच्या सगळ्यांत जवळ येते त्या बिंदूला ॲपेक्स म्हणतात, हे काकांनी मग जमलेल्या बायकांना बादल्या भरून होईपर्यंत समजावलं. पाणी संपलं, व्याख्यान राहिलं, नाव चिकटलं.

काका रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात होते. त्यामुळे खिशात पेनाशेजारी टायरचा प्रेशर गेज असतो, आणि प्रत्येक गोष्टीचं लॉगबुक. पण त्यांचं तत्त्वज्ञान कारखान्यातलं नाही, घरखर्चाच्या वहीतलं आहे. “वेग म्हणजे मुद्दल,” ते सांगतात. “ॲक्सिलरेटर म्हणजे पगार आणि ब्रेक म्हणजे खर्च. ज्याला दीडशे हॉर्सपॉवर पगार आहे त्याने वाटेल तेवढे ब्रेक मारावेत, एक तारखेला पुन्हा हातात येतात. आपल्याला सदतीस. आपण मुद्दलच मोडायची नाही.”

“मग मिक्सरला किती ब्रेक लागतात ते सांगा एकदा,” काकू आतून म्हणतात. “दिवाळीपासून बंद पडलाय.”

हसण्यावारी नेऊ नका. जगभर कमी ताकदीच्या गाड्या ट्रॅकवर पळवणारे हेच करतात. मोठ्या इंजिनवाला वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन जोरात ब्रेक मारतो, गाडी झटकन फिरवतो, ॲपेक्स उशिरा घेतो आणि नाक सरळ झालं की सगळी ताकद ओततो. वळणात त्याने वेग गमावला तरी त्याला फिकीर नसते, बाहेर पडताना भरपाई होते. छोट्या गाडीने त्याची नक्कल केली की ती मेली. बाहेर पडून ओतायला तिच्याकडे आहे काय? म्हणून तिने वळण मोठं, गोल करायचं, ब्रेक लवकर आणि थोडा लावायचा, तो एकदम न सोडता वळणात शिरता शिरता पायाखालून हळूहळू सोडायचा आणि मधला वेग पडू द्यायचा नाही. पुढच्या चाकांवर भार असतो तोवर नाक वळतं. ब्रेक झटक्यात सोडला की नाक उचललं जातं आणि गाडी वळायची सोडून बाहेरच्या कडेला निघते. याला अंडरस्टिअर म्हणतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा हा जन्मजात दोष. उलट, भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला तर मागची बाजू हलकी होऊन पुढे यायला बघते. घाबरण्याची सोय तेवढी कुठेच नाही.

पण गोल वळण हा नियमही काका आंधळेपणाने पाळत नाहीत. “वळणानंतर काय आहे ते आधी बघ.” वळणापुढे लांब सरळ रस्ता किंवा चढ असेल, तर छोट्या गाडीनेही थोडं थांबून ॲपेक्स उशिरा घ्यायचा, कारण बाहेर पडताना जो वेग हाती आहे तोच शेवटपर्यंत पुरवायचा आहे. वाटेत वाढ मिळणार नाही. दोन वळणं लागोपाठ असतील, तर पहिल्याची हौस थोडी मारून दुसरं साधायचं. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. यात त्यांच्या नोकरीची तीस वर्षं आहेत असं मला उगाच वाटतं.

वळणाचं गणित मला वडाळे तळ्यावर ऐकावं लागलं. संध्याकाळी अर्धं पनवेल तळ्याभोवती फिरायला येतं. काका तिथेही लाईन घेतात. वळणाआधी बाहेरच्या कठड्याकडे सरकतात, मध्यावर आतल्या कडेला खांदा घासतात, सुटताना पुन्हा बाहेर. पुढच्या जोडप्याला ते वळणात कधी ओलांडत नाहीत, वळण संपता संपता ओलांडतात. “समज, वळणाची त्रिज्या 20 मीटर आहे. साधा टायर कोरड्या डांबरावर तिथे ताशी 45 पर्यंत धरेल. आता ट्रॅकची सगळी रुंदी वापर आणि तीच त्रिज्या 30 मीटर कर. ताशी 55! वरचे 10 कोणी दिले? इंजिनाने? नाही. पेट्रोलने? नाही. भूमितीने दिले. फुकट!” ‘फुकट’ हा शब्द त्यांनी एवढ्या भक्तिभावाने उच्चारला की शेंगदाणेवाल्याने पुडी मागे घेतली.

एक गैरसमज इथेच दूर करतो. एवढं ऐकून काका गाडी पळवत असतील असं कुणाला वाटेल. रस्त्यावर काका कोणालाही मागे टाकत नाहीत. एक्स्प्रेसवेवर मोटारींना सपाटीवर ताशी 100 ची मर्यादा आहे. काकांच्या गाडीच्या बाबतीत ती मर्यादा नसून महत्त्वाकांक्षा आहे. 2024 पासून तिथे कॅमेरे बसून घरोघरी चलनं येऊ लागली, तेव्हा सोसायटीत एकट्या काकांच्या फोनवर काही आलं नाही, याचंच त्यांना थोडं वाईट वाटलं. रस्त्याला ट्रॅक समजणाऱ्या पोरांचा त्यांना मनापासून राग आहे. “ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात आणि कडेला म्हैस नसते. इथे लाईन घ्यायची ती आपल्या लेनपुरती, बाकीच्या लेनमधून एसटी येते.” मग रस्त्यावर ते करतात काय? सराव करतात, ताशी 40 ने. पुढचा सिग्नल लाल दिसला की दोनशे मीटर आधी पाय उचलतात, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तो हिरवा होईल आणि चाक थांबायचं नाही. मागच्या रिक्षावाल्यांचे यावरचे अभिप्राय छापण्याजोगे नाहीत. स्टीअरिंग फिरवतात ते झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सरकवावं तसं. कारण पुढची चाकं गरजेपेक्षा जास्त वळवली की ती रस्त्यावर घासतात, आणि घासणं म्हणजे ब्रेकच, फक्त दिवा न लागणारा. टायरने बारीक गुणगुणावं, किंचाळू नये. किंचाळला की वेग रबरात गेला.

या सरावाची परीक्षा दर महिन्याला होते. काकूंची बहीण खारघरला राहते. तिच्याकडे जाताना काकू मांडीवर आमटीचं पातेलं घेऊन बसतात. झाकण सैल, फडकं नाही. वाटेतले खड्डे, कामोठ्याची गर्दी, सर्कलची वळणं, एवढं ओलांडून आमटी पातेल्यातच राहिली तर काका पास. लॉगबुकात ‘आमटी: निरंक’ अशी नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. साडीवर सांडली त्या दिवसाच्याही नोंदी आहेत, त्यांपुढे कारण लिहिलंय: ‘अन्य वाहनाचा दोष’.

वजनाचं प्रकरण मात्र काकांच्या अंगाशी येतं. ताकद वाढवता येत नाही तर वजन कमी करा, हे शास्त्र बरोबरच आहे. 800 चं वजन सहाशे-साडेसहाशे किलो. तिला दहा किलोही जाणवतात. काकांनी डिकीतली जुनी सतरंजी काढली, रिकामे डबे काढले, मागच्या काचेतला मान हलवणारा कुत्रा काढला. डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी त्यांचा हात थबकला, तेव्हा काकूंनी नुसतं बघितलं. गणपती राहिला. 28 लिटरची टाकी अर्धीच भरायची, म्हणजे दहा किलो वाचतात, असा हिशेब त्यांनी मांडला. काकूंनी वजनकाटा बाहेर आणून ठेवला. “आधी यावर उभे राहा. टाकी तुमच्याच पोटावर आहे.” काटा 88 वर गेला. त्या महिन्यात गाडीतून आणखी काही उतरवलं गेलं नाही.

घाटात मात्र ते खरोखर बघण्यासारखे असतात. ज्यांच्या घरी 800 होती त्यांना आठवत असेल: खोपोली सुटलं की कोणीतरी म्हणायचंच, “एसी बंद करा, घाट आला.” काका हे नुसतं म्हणत नाहीत, हात जोडून मग करतात. या गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नाही. सगळं कानावर. चढाच्या आधीच गिअर खाली पाडायचा, गाडी दम टाकायला लागल्यावर नाही. इंजिन तारस्वरात गेलं तरी दया दाखवायची नाही, कारण घोडे सगळे वरच्या सप्तकात राहतात. गिअर पाडताना पावलाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि कड ॲक्सिलरेटरवर ठेवून इंजिनाला हलकी रेस द्यावी, म्हणजे चाकांना धक्का बसत नाही. रेसवाले यासाठी पातळ तळव्याचे खास बूट घालतात. काका कापडी बूट घालतात. एकदा लग्नाला जाताना कोल्हापुरी घालून हा प्रयोग केला, तेव्हा पायताणाच्या रुंदीने दोन्ही पेडल एकदमच दाबली गेली आणि काकूंच्या हातातला आहेर पुढच्या काचेवर गेला.

घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी सगळे ड्रायव्हर नाणं टाकतात. इंग्रजांना बोरघाटातून वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी कथा सांगतात. काकांच्या मते घाटात कमी ताकदीत वर कसं जायचं हे पहिल्यांदा ज्याला कळलं तो शिंग्रोबा, म्हणजे भारतातला पहिला लाईन काढणारा माणूस. त्यांचा दुसरा देव परदेशी आहे: स्वीडनचा एरिक कार्लसन. याने साब 96 ही गाडी घेऊन 1962 आणि 1963 अशी लागोपाठ दोन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकली. साबचं इंजिनही तीन सिलिंडरचं, साडेआठशे सीसीच्या आतलं, ओढणारी चाकं पुढचीच. काका त्याला ‘आपला’ म्हणतात. कार्लसन एवढ्या वेळा गाडीसकट उलटा झाला की त्याच्या देशात त्याला ‘छतावरचा कार्लसन’ म्हणत. हा भाग काका काकूंसमोर सांगत नाहीत.

स्वतःच्या गाडीत काका सुसह्य आहेत. दुसऱ्याच्या गाडीत, रिक्षात, व्हॅनमध्ये त्यांच्याशेजारी बसणं ही शिक्षा आहे. ते बोलत नाहीत, फक्त उजवा पाय हलवतात आणि सुस्कारे सोडतात. अपवाद एसटी. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागचं सीट पकडतात आणि पेणपर्यंत तल्लीन असतात. “शिकायचं तर इथे शीक. एका टनामागे आपल्या गाडीच्या निम्मेही घोडे याच्या वाट्याला नाहीत, वर पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्या. तरी कर्नाळ्याच्या खिंडीत गिअर न बदलता गेला की नाही?” पुण्याच्या डायना पंडोले यांनी 2024 साली कार रेसिंगमधलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. चेअरमनांनी नातू की नात असं विचारलं, आणि खरं कारण कळल्यावरही दुसरा पेढा घेतला.

आता कोइम्बतूर. काकांचं पंढरपूर तिथे आहे. शहराबाहेर करी मोटर स्पीडवे नावाचा 2.1 किलोमीटरचा ट्रॅक आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. या माणसाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 चं इंजिन एका हलक्या, एका माणसाच्या उघड्या रेसिंग गाडीत बसवलं आणि स्वस्तातली फॉर्म्युला मारुती उभी केली. देशातल्या कितीतरी पोरांचं रेसिंग तिच्यावर सुरू झालं. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्यांतलाच. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. आपल्या बॉनेटखाली आहे तेच इंजिन रेसच्या गाडीत धावलं, हे काका पाहुण्यांना चहा देण्याआधी सांगतात.

त्यांच्या भाच्याने नवी गाडी घेतली. टर्बो, दीडशेच्या वर घोडे. त्याच्या ओळखीच्या गाडीवाल्यांनी तिथला ट्रॅक एका दिवसासाठी घेतला होता. “मामा, तुम्हीही चला,” तो सहज म्हणाला. काका सहज म्हणायच्या पलीकडे गेलेले होते. काकू उटी दाखवायच्या बोलीवर तयार झाल्या. मी मागच्या सीटवर. पुणे, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर असा बाराशेच्या वर किलोमीटरचा प्रवास 800 मधून. कोल्हापूरला काकांनी गाडी जरा हळू केली. या गावाने कार्टिंगचा ट्रॅक बांधला, देशभर रेसमध्ये पोरं पाठवली, आणि आमच्या पनवेलने काय केलं तर फ्लॅट बांधले, असं ते संकेश्वरपर्यंत बोलत होते.

ट्रॅकच्या दारावर रखवालदाराने आमच्या गाडीला डावीकडे वळवलं. डावीकडे कँटीनच्या मालाच्या गाड्या उभ्या होत्या. कागद दाखवून, हेल्मेट दाखवून, शेवटी बॉनेट उघडून दाखवून आम्ही उजवीकडे आलो. काकांनी आधी सगळा ट्रॅक पायी फिरून बघितला. मोठे मोठे रेसरही असंच करतात, म्हणून कोणी हसलं नाही. फक्त ते मधूनमधून खाली बसून डांबर हाताने चाचपत होते, तेव्हा दोघांनी येऊन काही हरवलंय का असं विचारलं. मग स्टेपनी उतरली, जॅक उतरला, गणपती काकूंच्या पर्समध्ये गेला. मी गाडीत बसायला निघालो तेव्हा काका म्हणाले, “तू सत्तर किलो.” मी स्टॉपवॉच घेऊन भिंतीशी उभा राहिलो.

सरळ पट्ट्यावर भाचा दिसेनासा झाला. त्यात नवल नाही. नवल वळणांत होतं. तिथे त्याचे ब्रेकचे दिवे लाल व्हायचे, लालच राहायचे, आणि तेवढ्यात मागून शिवणयंत्राचा आवाज करत पांढरी 800 कलती होऊन यायची, एवढी कलती की आतलं मागचं चाक डांबराला केवळ ओळखीपुरतं टेकलेलं. पुन्हा सरळ पट्टा, पुन्हा भाचा गायब. काही फेऱ्यांनी त्याच्या ब्रेकमधून जळका वास यायला लागला, पेडल मऊ पडलं, आणि तो पिटमध्ये येऊन गाडी थंड करत उभा राहिला. एवढं वजन एवढ्या वेगातून दर वळणाला थांबवायचं तर ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते. काकांचे ब्रेक कोमट होते. भाचा उभा असताना ते त्याच्यासमोरून एकदा गेले, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा गेले. हात केला नाही. हात स्टीअरिंगवरून काढायचा नसतो.

दुपारी भाचा म्हणाला, मामा, तुमची द्या बघू. तो सगळ्या वळणांना सवयीने कचकन ब्रेक मारायचा आणि मग ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवून वेगाची वाट बघायचा. वेग यायचा तोवर पुढचं वळण यायचं. स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं. त्याच गाडीत तो मामांपेक्षा फेरीमागे बऱ्याच सेकंदांनी मागे होता. उतरून म्हणाला, “मामा, ही चालतच नाही हो.”

“चालत होती,” काका म्हणाले. “तू थांबवलीस.”

मग त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली पुढे केली. काका बसले, सीट पुढेमागे केलं, आरसे लावले, पिटमधून बाहेर निघून सरळ पट्ट्यावर एकदाच पाय पूर्ण दाबला. एक फेरी मारून ते परत आले, किल्ली भाच्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “नको. सवय लागेल.”

भाच्याची सगळ्यांत वेगवान फेरी काकांच्या सगळ्यांत वेगवान फेरीपेक्षा पुष्कळच वेगवान होती. काकांची ना नव्हती. “दीडशे घोडे आहेत, हरतील कशाला?” पण त्यांनी माझ्याकडून आकडे मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. त्यांच्या फेऱ्या एकमेकींपासून सेकंदभरही हलल्या नव्हत्या. भाच्याच्या फेऱ्या पहिलीनंतर घसरतच गेल्या होत्या. उटीच्या घाटातल्या सगळ्या वळणांवर काका हे आकडे काकूंना पुन्हा सांगत होते. वर पोचल्यावर काकूंनी पर्समधून गणपती काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि निकाल दिला: “ट्रॅक ठीक होता. पण निघालो तिथेच परत यायचं तर मध्ये वळणं कशाला घेतली सगळी?” काकांना याचं उत्तर आजतागायत सापडलेलं नाही.

मिक्सर दुरुस्त झाला. भाचा आता दर रविवारी वडाळे तळ्यावर येतो आणि काकांच्या मागे, त्यांच्या लाईनने फिरतो.

तेव्हा खोपोलीच्या घाटात शिंग्रोबाच्या अलीकडे, काचा खाली केलेली एमएच 06 ची पांढरी 800 तुमच्या पुढे चाललेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका आणि दिवे मारू नका. जागा मिळाली की ते आपण होऊन डावीकडे घेतात. तेवढं अंतर मात्र ठेवा. ते ब्रेक लावणार नाहीत, तुम्हाला लावावा लागेल.